यांच्याकडे स्वयंपाक कोण करतं?

पुस्तक टेबलावर पालथं घालायचं, चष्मा काढून पदराला पुसायचा आणि बिनचष्म्याच्या बारीक डोळ्यांनी आमच्याकडे बघत विचारायचं, "बरं, यांच्याकडे स्वयंपाक कोण करतं?"

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अमेरिकन साहित्य शिकवणाऱ्या आमच्या मॅडमचा प्रत्येक कादंबरीचा आणि प्रत्येक नाटकाचा पहिला तास असा सुरू व्हायचा. लेखकाचा काळ, प्रतीकं, टीकाकार काय म्हणतात, ते सगळं नंतर. आधी चूल. तुम्हालाही असं एखादं माणूस भेटलं असेल. त्यानं शिकवलेलं सगळं आपण विसरतो, पण एखादं वाक्य मानगुटीवर बसतं ते कायमचं.

खोटं कशाला सांगू, मी अमेरिकन साहित्य काही आवडीनं घेतलं नव्हतं. ऐच्छिक पेपर दोन होते. दुसऱ्याचा तास सगळ्यात शेवटी असायचा आणि तो करत बसलं की मनमाडकडे जाणारी माझी एसटी चुकायची. मी कोल्हारहून नगरला रोज जाऊन येऊन करायची. त्यामुळे माझ्या आयुष्यात अमेरिका आली ती एसटीच्या वेळापत्रकामुळे. गावात मात्र बोभाटा झाला की आबांची पोरगी अमेरिका शिकती. शेजारची काकू आईला म्हणाली, "मंग जानार कवा ती तिकडं?"

वर्गात आम्ही चार-पाच टाळकी. त्यात एक अकोले तालुक्यातला मित्र होता. डोंगरातलं गाव, हॉस्टेलवर राहणारा, कायम भुकेलेला. मॅडमनी तो प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा हा पठ्ठ्या म्हणाला, "मॅडम, हॉटेलात जेवत असतील ते लोक." आम्ही हसलो. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "असेल. पान दाखव."

हे "पान दाखव" फार वाईट. त्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे.

त्या वर्षी आम्हाला एक जाडजूड कादंबरी होती. अफाट माळरान, त्यावर एक म्हातारा बाप आणि त्याचे तीन मुलगे. बायको मागेच वारलेली. जमीन फोडतात, भांडतात, हिवाळा काढतात, पुन्हा भांडतात. आम्ही ती वाचून नोट्स काढून तयार होतो. मॅडमचा प्रश्न आला आणि सगळे भराभर पानं उलटायला लागले. घरात बाई नाही, सुना आलेल्या नाहीत, आणि बाप्ये तर दर प्रकरणात जेवतायत! शोधता शोधता अकोल्याच्या मित्रालाच सापडलं. दोन ठिकाणी, फक्त दोन ठिकाणी, दाराआडून एक कामाला ठेवलेली पोरगी येते, टेबलावर भांडं ठेवते आणि जाते. लेखकानं तिला नावसुद्धा दिलेलं नाही. एवढी पानं वाचून आम्हाला ती दिसली नव्हती, आणि एकदा दिसल्यावर डोळ्यांसमोरून हलेना. वर्गात आम्ही तिला "ती" म्हणायला लागलो.

मॅडमनी अमेरिका पाहिलेली नव्हती आणि ते त्या लपवतही नसत. "मी उत्तरेला मनमाडच्या पुढे गेलेली नाही," असं खुशाल सांगायच्या. एकदा बर्फावरची एक कविता होती. बर्फ आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता, गाडीवरच्या गोळ्यात असतो तेवढाच. मॅडम म्हणाल्या, "चला." आणि आमची वरात त्यांनी थेट बर्फाच्या कारखान्यात नेली. मालकाला वाटलं लग्नाची ऑर्डर आहे. तो भाव सांगायला लागला. मॅडम म्हणाल्या, "नको हो, आम्हाला नुसता हात लावायचाय." तो बिचारा बघतच राहिला. आम्ही एकेकानं लादीवर तळवा टेकवला. सगळ्यात जास्त वेळ मॅडमनी. म्हणाल्या, "असा नसतो म्हणे तो. भुसभुशीत असतो. पण गारठा हाच." मग तिथेच उभ्या राहून त्यांनी कविता म्हटली, आणि मशीन चालवणारे दोघं काम सोडून ऐकत बसले.

सावेडीला त्यांचं छोटंसं घर होतं. यजमान बँकेतून निवृत्त झालेले, फार कमी बोलणारे. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मॅडम मोठ्या उत्साहानं शिरा करायला आत गेल्या. थोड्या वेळानं यजमान उठून आत गेले आणि आम्हाला त्यांचा आवाज आला, "तू बाहेर बस. मुलांनी काय घोडं मारलंय तुझं?" मग पोहे आले. काय पोहे होते! अकोल्याच्या मित्रानं तिसऱ्यांदा बशी पुढे केली आणि तोंडातला घास सांभाळत विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे स्वयंपाक..."

"पान दाखवायची गरज आहे का?" मॅडम म्हणाल्या, आणि यजमान पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

जानेवारीत माझी आई गोठ्यात घसरली. उजवा हात मनगटात मोडला, प्लास्टर घातलं. घरात आई, आबा म्हणजे माझे वडील, धाकटा भाऊ आणि मी. थोडा ऊस, थोडा गहू, दोन गाई, खाऊन-पिऊन सुखी घर. भाऊ बारावीला, त्याची परीक्षा म्हणजे सगळ्या घराची परीक्षा. मग उरलं कोण? मला "कॉलेज सोड" असं कुणी म्हणालं नाही. कुणी काही म्हणालंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परातीपुढे बसले आणि माझी सातची एसटी हॉर्न वाजवत फाट्यावरून निघून गेली.

आठवडा गेला, दुसरा गेला. परीक्षा एप्रिलमध्ये होती. एक दिवस आबा जेवता जेवता म्हणाले, "ह्या साली ऱ्हाऊ दे पोरी. कालेज काय पळून जातंय व्हय? फुडल्या साली बघू." पुढल्या साली काय बघणार ते मला ठाऊक होतं. मावशीनं स्थळं आणायला सुरुवात केलीच होती. मी मान हलवली. मला संताप आला होता, पण तो आबांचा करायचा, आईच्या हाताचा की गोठ्यातल्या शेणाचा, हे समजत नव्हतं.

आणि एका दुपारी दारात मॅडम! कडक इस्त्रीची सुती साडी, हातात छत्री, खांद्याला ती नेहमीची फुगलेली पर्स. अकोल्याच्या मित्रानं गावाचं नाव सांगितलं, बाकी त्या विचारत विचारत आल्या होत्या. मला वाटलं, आता आबांना भाषण ऐकावं लागणार. आबांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी पाणी देतानाच सुरुवात केली, "बाई, तुमचं खरं हाय. पन हिच्या आईचा हात ह्यो असा. घरचं बघाय नको का?"

"बघायला हवंच," मॅडम म्हणाल्या. "मी फक्त तिचा तास घ्यायला आलेय. चुकलाय ना."

आणि त्या सरळ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या. मी भाकरी थापतेय, समोर आबा आणि भाऊ जेवायला बसलेत, आई बाजेवर पडलीय, आणि मॅडम ती माळरानाची कादंबरी सांगायला लागल्या. मला नाही, आबांना!

"किती एकर म्हनलं?" आबांनी विचारलं.

"दोनशेच्या वर."

"अबब! आन् पानी?"

"आभाळाचं."

"मंग काय उपेग!" आबांनी घास मोडला. "थोरला हिस्सा मागत आसंल आता."

"मागतो ना! दुसऱ्याच प्रकरणात मागतो."

"मागनारच. बापाचंबी चुकतंय, पोरांवर ईश्वास न्हाई त्याचा." आबा असे रंगले की भाऊ पाणी मागत होता तेही त्यांना ऐकू येईना. धाकट्याची बाजू घेऊन ते मॅडमशी चक्क भांडले. आमच्या वर्गात कुणी भांडलं नव्हतं इतकं.

मग मॅडमनी पुस्तक पाटाशेजारी पालथं घातलं. चष्मा काढला, पदराला पुसला. 

"बरं आबा, तुम्ही सांगा. यांच्याकडे स्वयंपाक कोण करतं?"

"आसंल की कुनी बाई."

"आई वारलीय. मुलांची लग्नं नाहीत."

आबांनी कांदा फोडला. "मंग कामाला पोरगी ठिवली आसंल."

"बरोबर. आमच्या मुलांना इतक्या लवकर आलं नव्हतं."

आबा खूश झाले. पुढचा घास घेतला, चावला आणि सहज विचारलं, "आन् त्या पोरीचं फुडं काय झालं?"

"ते काही लिहिलेलं नाही, आबा."

 तव्यावरची भाकरी फुगली, मी ती उतरवली आणि आबांच्या ताटात वाढली. त्यांनी भाकरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग खाली मान घालून जेवण संपवलं. मॅडमही जेवल्या. निघताना "भाकरी छान झाली होती," एवढंच म्हणाल्या आणि छत्री उघडून फाट्याकडे चालू लागल्या.

तुम्हाला वाटेल आबा लगेच पाघळले. छे! दोन दिवस त्यांचं तोंड वाकडं. मी गाईंना चारा टाकत होते तर मागून आवाज आला, "त्या पोरीला पगार तरी देत हुते का?"

"लिहिलेलं नाही."

"कुटली हुती ती?"

"तेही नाही."

"काय लेखक हाय का कोन! एकरं मोजली, ढोरं मोजली, आन् पोरीचं साधं नाव लिवलं न्हाई." आणि तणतणत ते विहिरीवरची मोटार चालू करायला गेले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पीठ मळत होते. आबा अंघोळ करून आले, बाह्या वर सारल्या आणि म्हणाले, "सरक."

मला समजेचना. "सरक म्हनतो ना! हातपाय हायेत मला. तू गाडी गाठ."

आबांची पहिली भाकरी थापता थापता एकीकडे फाटली आणि दुसरीकडे लांबली. भाऊ म्हणाला, "आबा, ही तर नकाशातली अमेरिका झाली!" बाजेवर आईला हसू आवरेना. प्लास्टरचा हात पोटाशी धरून ती हसत सुटली. पडल्यापासून ती हसलीच नव्हती. मी तशीच धावत फाट्यावर गेले, एसटी मिळाली, खिडकीही मिळाली, आणि राहुरी येईपर्यंत मी रडत होते. आनंदानंच. शेजारच्या बाईला वाटलं, मी सासरी निघालेय.

वर्गात शिरले तर अकोल्याचा मित्र ओरडला, "ती आली!" मॅडमनी फक्त विचारलं, "डब्यात काय आहे?"

"पिठलं-भाकरी."

"कुणी केलं?"

"आबांनी."

मॅडमनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. त्या दिवशी तो पुसून लवकर होईना.

आबांच्या भाकरीनं गोल व्हायला बराच वेळ घेतला. पिठलं मात्र पहिल्या आठवड्यातच असं जमलं की आईनंसुद्धा मान्य केलं. तिचा हात पुढे थोडा वाकडाच जुळला, थापायचा जोर काही परत आला नाही, त्यामुळे सकाळची चूल आबांकडेच राहिली. गावानं थट्टा केली. आबा म्हणायचे, "या जेवाया, मंग बोला." मी पास झाले, शेजारच्या गावात ज्युनिअर कॉलेजला शिकवायला लागले, आणि मावशीला सांगितलं की आता स्थळ आणशील तर आधी माझा प्रश्न विचारून ये.

मॅडम निवृत्त झाल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत यजमान गेले. मी आणि अकोल्याचा मित्र भेटायला गेलो तेव्हा ओट्यावर खाणावळीतून लावलेला डबा होता, झाकणसुद्धा न उघडलेला. त्या बारीक दिसत होत्या. पुढे लग्न होऊन तिकडे गेलेली त्यांची मुलगी त्यांना आपल्याकडे अमेरिकेला घेऊन गेली. मनमाडच्या पुढे कधी न गेलेल्या आमच्या मॅडम गेल्या त्या एकदम तिकडेच, आणि पुन्हा नगरला आल्या नाहीत. सावेडीच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. फोन मात्र आला. एकदाच.

सकाळची माझी निघायची गडबड. आबा चुलीपाशी. फोन वाजला, आणि खरखरीतून आवाज आला, "अगं, मी बोलतेय. बर्फ बघितला! अगदी पिठासारखा असतो गं."

मी म्हटलं, "मॅडम, तिकडे स्वयंपाक कोण करतं?"

"मी!" त्या खळखळून हसल्या. "लेक-जावई संध्याकाळी दमून येतात, मग म्हटलं मी करते. आणि बिचारे खातात गं, एक शब्द बोलत नाहीत." मग आवाज जरा खाली आला. "पिठलं काही जमत नाही बघ. गुठळ्या होतात. हे असते तर यांनाच विचारलं असतं."

 पिठलं मलाही धड येत नव्हतं. मी म्हटलं, "थांबा, मॅडम," आणि आबांना हाक मारली.

आबांनी हात टॉवेलला पुसले, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि अमेरिका लांब असल्यामुळे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाई, पीठ आदी टाकता का पानी?" पलीकडचं ऐकून ते एकदम खुलले. "हां! तितंच चुकतंय! फोडनीत पानी उकळू द्या आदी. मंग एका हातानं पीठ सोडायचं आन् दुसऱ्या हातानं हलवत ऱ्हायचं. हात थांबवायचा न्हाई!"

फाट्यावर सातची एसटी हॉर्न देत होती. मी उभीच राहिले. जाऊ दे म्हटलं, आज नऊची आहे.

मध्येच रिसीव्हरमधून नुसता लांबलचक पोंऽऽ असा आवाज यायला लागला. लाईन तुटली होती. आबांच्या लक्षात आलं नाही, आणि मीही त्यांना सांगितलं नाही.

"आन् आच बारीक ठिवा, बाई," ते जीव तोडून सांगत होते. "वर झाकन घाला. वाफ येऊ द्या. घाई न्हाई करायची."