राजन नाखव्याचा मोठा मासा

एडमंटनच्या मराठी मंडळात माशांबद्दल काहीही विचारायचं तर राजन नाखव्याला, हा अलिखित कायदा होता. फ्रोझन कोळंबीचा वास कसा घालवायचा, सुरमई नाही मिळाली तर काय घ्यायचं, इतकंच काय, बाळंतिणीला कुठला मासा चालतो, हेसुद्धा. गृहस्थ थळचा कोळी, आजोबांची होडी होती. पोटासाठी पाइपलाइनच्या कंपनीत इंजिनिअर. पण पाइपलाइनबद्दल कुणी विचारलं तर त्याचा चेहरा तितकासा खुलत नसे.

दर सप्टेंबरात तो रॉकीजच्या डोंगरांतल्या एका तळ्याकाठच्या लॉजवर जायचा. रस्ता संपला की पुढे बोटीने. तिथे जाळं नाही, आमिष नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लांब दोरीने पाण्यावर अलगद टेकवायची. आणि नियम असा, की धरलेला मासा फोटो काढून सोडून द्यायचा! थळच्या माणसाला हे पचायला दोन वर्षं लागली. पण मग गोडी लागली ती लागलीच. त्या तळ्याचा स्वभाव त्याला बायकोच्या स्वभावापेक्षा जास्त कळू लागला. ऊन आणि वारा असला की मासा खोल बसतो. आभाळ भरून वारा पडला, की ओढा तळ्याला मिळतो तिथे बारीक किडे उडतात आणि मासा वर येतो.

दोन हजार आठ साली त्याने चारुदत्त लिमयेला सोबत नेलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

चारुदत्त पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. केकमध्ये अंडं आहे का विचारून मगच घास घेणारा. दोरी फेकायला त्याला राजननेच शिकवलं, आणि त्याच संध्याकाळी पठ्ठ्याने गुरूपेक्षा जास्त ट्राउट धरले. दुसऱ्या दिवशीही तेच. देवाने चणे दिले ते नेमके दात नसलेल्याला! शाकाहारी माणसाला मासे असे वश व्हावेत, हा राजनला नुसता अन्याय वाटला नाही, चक्क अधर्म वाटला.

तेही त्याने सोसलं असतं. पण पुढच्या वर्षी चौदा वर्षांची लेक, ऊर्मी, बरोबर आली. आपला बाप काय चीज आहे हे तिने एकदा बघावं, म्हणून त्यानेच हट्टाने आणली होती. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "बाबा, कॅन आय लर्न फ्रॉम चारूकाका? ही मेक्स इट लुक सो ईझी."

"जा की," राजन हसून म्हणाला. रात्रीचं सूप मात्र तसंच राहिलं. आपल्यालाही तिने एकदा 'शिकव' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

चारुदत्त स्वभावाने भला, हीच तर पंचाईत. दुष्ट असता तर राजनने मन मोकळं करून त्याचा द्वेष केला असता. पण तो रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन यायचा, राजनला जागा विचारायचा, आणि राजन सांगेल तिथे जाऊन राजनपेक्षा जास्त मासे धरायचा.

शेवटच्या सकाळी गवतावर दव गोठलं होतं. आभाळ खाली उतरलेलं, वारा अजिबात नाही. राजनला एका नजरेत कळलं, आज ओढ्याचं मुख. असा दिवस मोसमात एखादाच.

"राजन, आज कुठे?" चारुदत्तने विचारलं.

"आज काही खरं नाही रे. थंडी पडली, मासा खोल गेला. ओढ्याकडे तर जाऊच नका. मिळालाच तर पलीकडे कड्याखाली मिळेल. मी रेस्ट करतो, पाठ दुखतेय."

"माझ्या बॅगेत पेनकिलर आहे, घे हं," चारुदत्त म्हणाला. ऊर्मीने लाइफजॅकेट चढवलं, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि ती चारूकाकाच्या होडीत जाऊन बसली.

होडी दिसेनाशी झाल्यावर राजन ओढ्याच्या मुखाशी कमरेइतक्या पाण्यात उतरला. दुपारकडे किडे उडाले आणि दोरी अशी ताणली गेली की काठी हातातून सुटते की काय असं वाटलं. बराच वेळ झुंज चालली. शेवटी मासा पाण्यातून उचलायच्या हातजाळीत आला तो ट्राउट तिच्यात मावेना. एवढा मासा त्या लॉजवर कुणी धरलेला त्याने पाहिला नव्हता.

"ऊर्मी, बघ!" तो ओरडला. तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही हातांनी त्याने मासा पाण्यात जमेल तितका वेळ धरून ठेवला. मग मासा आपणहून निघून गेला.

संध्याकाळी ती दोघं कुडकुडत, रिकाम्या हातांनी परतली. राजनच्या जिभेवर मासा नाचत होता. पण कुठे धरला म्हणून सांगणार?

"तुला काही?" चारुदत्तने विचारलं.

"नाही रे. पडून होतो."

"बघ ऊर्मी, सकाळीच म्हणाला होता ना, आज काही खरं नाही? याला म्हणतात एक्सपर्ट!"

ऊर्मी ओले हातमोजे काढता काढता थांबली. तिने बापाकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत खरंखुरं कौतुक होतं. "हाऊ डिड यू नो, बाबा? दॅट्स सो कूल. नेक्स्ट इयर यू टीच मी, ओके?"

"ओके," राजन म्हणाला. हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्याला लेकीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.