नारळाला बसलेली टोपी

माणूस धोतर धुवायला टाकतो आणि आपल्या कामाला निघून जातो. टोपी टाकली की त्याला जाता येत नाही. आमच्या वेळी, म्हणजे सत्तर सालानंतरची आठ-दहा वर्षं धरा, बहुतेकांकडे बरी टोपी एकच असायची. बोडक्या डोक्यानं वाशिमच्या बाजारातून चाललं की लोक विचारत, घरात कोण गेलं? म्हणून टोपी आणून देणारा डोक्याला रुमाल गुंडाळून आमच्या अंगणातच बसायचा, ती वाळेपर्यंत. बसला की बोलायचा. या गोष्टी अशा साठल्या. मी त्या गोळा करायला गेले नव्हते.

आणि टोप्या धुणं हा माझा धंदा नव्हता. आमचा धंदा वांगी-मेथीचा, मळा गावाला लागून. टोप्या हा माझा हट्ट होता, आणि त्या हट्टाचं कारण घरातच ओट्यावर बसलेलं असायचं. माझे सासरे. मी त्यांना मामाजी म्हणायची.

*

लग्नाला महिना झाला असेल. मालकांची लोकरीची काळी टोपी मळली होती. मला कोणी काही शिकवलेलं नव्हतं. कपडा मळला की उकळत्या पाण्यात सोडा घालायचा, एवढं ठाऊक. घातला. टोपी बाहेर निघाली ती एकदम स्वच्छ. फक्त लहान.

मामाजींनी ती उचलली. मुलाच्या डोक्याकडे पाहिलं. मग देवळीतला नारळ घेतला, त्यावर टोपी ठेवली आणि दोन्ही हातांनी नीट खाली ओढली.

"नारळाले बसली," ते म्हणाले. आणि सासूबाईंकडे वळून, "माह्या टोपीले या पोरीचा हात लागू देऊ नको."

अपमान झाला तो झाला. पण पदराआडून मी एक गोष्ट पाहून ठेवली. नारळावर ती टोपी कशी गोल, ताठ बसली होती! खुंटीला टांगलेली ओली टोपी चेपते; गोल वस्तूवर घातली की आकार धरते. मला विद्या मिळाली ती अशी. ज्यांनी दिली त्यांना पत्ता नव्हता.

त्याच दिवशी ठरवलं की हा माणूस एक दिवस आपल्या हातानं टोपी काढून माझ्या पुढ्यात ठेवील. तोपर्यंत गावाच्या टोप्या.

*

प्रत्येक डोक्याला एक भांडं लागतं. मी डोकं नजरेनं मोजायला शिकले. शेजारच्या शाळेतले गुरुजी म्हणजे लोणच्याची मधली बरणी. किराणावाले शेटजी म्हणजे जर्मनचा मोठा गंज, भाताचं पातेलं. आमचे मालक पितळी डब्यावर बसायचे. घरात भांड्यांची नावंच तशी पडली. माझी धाकटी नणंद शांता स्वयंपाकघरातून ओरडायची, "वहिनी, गुरुजीतलं लोणचं संपलं!"

एकदा गुरुजी अंगणातच बसले होते.

एक बुटकी तांब्याची गुंडी मात्र मी वरच्या फळीवर उपडी ठेवली होती. तिला कोणाला हात लावू देत नसे.

"कायले अशी ठेवली वं? पाणी भर तिच्यात," सासूबाई म्हणत.

"गळते," मी सांगायची.

*

गुरुजींची टोपी खादीची, पांढरी. तिला नीळ बेताची आणि कांजी तांदळाची. पहिल्या खेपेला माझा हात सैल सुटला. टोपी वाळली, घडी घालून तांब्यात निखारे घालून इस्त्री केली, गुरुजी घालून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले.

"कांजी जरा कमी चालेल," म्हणाले.

"काहून? मऊ पडली का?"

"नाही. वर्गात खाली पडली."

"मग?"

"वाजली."

ओट्यावर मामाजी बसले होते. ते हसले नाहीत, पण त्यांनी आपल्या टोपीवर हात ठेवून पाहिला. तिच्या कडेला तेलाची रेघ होती, तेव्हा एक बोट रुंद.

*

शेटजींची पगडी त्यांच्या वडिलांची. जरीची, बांधलेली, आत कागद आणि खळ. अशा पगडीला पाणी दाखवायचं नाही. मऊ ब्रशानं धूळ काढायची, बस. शेटजींनी ती नैवेद्यासारखी ताटात, वर रुमाल टाकून आणली. आत किडे झाले होते, खळ खात होते.

"बाई, किडे मारायचे नाहीत," शेटजी म्हणाले. ते पक्के जैन. "पण राहू बी द्यायचे नाहीत."

"मग त्यांले नोटीस देऊ का?"

"तुमी पाहा."

मी पगडी वाळल्या कडुनिंबाच्या पाल्यात ठेवली. तासाभरात एकेक बाहेर येऊ लागला. शेटजींनी प्रत्येकाला कागदावर घेतलं आणि कुंपणाबाहेर नेऊन सोडलं. दिवसभर त्यांच्या येरझाऱ्या. दिवस कलला तसं त्यांना जेवणासाठी उठावं लागलं. सूर्य बुडाल्यावर ते जेवत नसत. उरलेले किडे माझ्यावर सोपवून गेले.

सकाळी आल्या आल्या विचारलं, "बाकीचे कुठं सोडले?"

"शेटजी, तुमी गेलेले पाह्यले अन् त्यांचे ते गेले."

शेटजींना ते पटलं. माझ्या कोंबड्यांनाही.

*

दुष्काळी कामांवर एक ओव्हरसिअर आले होते. त्यांची सोला हॅट. ही आतून भेंडाची असते, कागदापेक्षा हलकी. मी सांगितलं, ओल्या फडक्यानं पुसा, वर पाण्यात कालवलेला खडू लावा, सावलीत ठेवा, भिजवू नका.

"बाई, मी सरकारी ओव्हरसिअर आहे. माल मला कळतो," ते म्हणाले, आणि घरी जाऊन त्यांनी ती रात्रभर बादलीत बुडवून ठेवली.

सकाळी बादली घेऊनच आले. मी आत पाहिलं. भिजवलेले पोहे असतात ना, तसं दिसत होतं.

"आता काय करायचं?"

"फोडणी द्या," मी म्हणाले.

मामाजी उठून आत गेले. आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता. ते खोकत नव्हते हे मला माहीत आहे. त्यांच्या टोपीवरची रेघ तोवर दोन बोटं झाली होती आणि उन्हाळ्यात तिच्यावर माशी बसायची.

*

कोणाची टोपी कोणती हे कळावं म्हणून मी प्रत्येक टोपीच्या आत लाल दोऱ्याचे टाके घालत असे. गुरुजींचे तीन.

अनसिंगला एक लग्न होतं. आमच्याकडे आहेरात टोपी-उपरणं देतात. घरोघरी अशा टोप्यांची पेटी भरलेली असते, घालायला नाही, पुढच्या लग्नात द्यायला. तिथं मालकांना एक कोरी करकरीत टोपी मिळाली. मी हातात घेतली. कांजी ओळखीची वाटली. आत पाहिलं, लाल टाके तीन.

घरी येऊन ती गुरुजींपुढे ठेवली. "ही तुमची."

"माझी कशी? मी तर ती रिठदला मामेभावाच्या लग्नात दिली."

"धुतलेली?"

"तुमच्या हातची होती बाई. नव्यापेक्षा बरी दिसत होती." मग जरा थांबून म्हणाले, "आणि मला तरी कुठं कोरी मिळाली होती?"

हे मी मोठ्यानं सांगितलं, ओट्यावर ऐकू जाईल असं. तीन गावं माझी टोपी नवी म्हणून डोक्यावर घेत होती. आणि घरातली एक टोपी, आता रेघ तीन बोटांवर, माझ्यापासून चार हातांवर बसून होती. मी त्यांच्यासमोर पदर कधी ढळू दिला नाही, त्यांनी टोपी कधी काढली नाही. सात वर्षं एका घरात राहून आम्ही एकमेकांची डोकी पाहिलेली नव्हती.

*

शांताचं स्थळ आलं, रिठदचं. पोरगी शिकलेली, मुलगा बरा, घर खातंपितं. मामाजी दुसऱ्या दिवशी बोलणी करायला जाणार होते. आदल्या दिवशी सकाळी जेवताना शांतानं सरळ सांगितलं.

"बाबा, हे टोपी घालून जासान तं ते लोक मले नाई विचारतीन. टोपीचंच विचारतीन."

मामाजी हात धुऊन ओट्यावर गेले.

दुपारी बायका आडव्या झाल्या. स्वयंपाकघरात भांडी वाजली. मांजर असेल म्हणून मी उठून दारातून पाहिलं. मामाजी पाठमोरे बसले होते, बोडके. टोपी हातात. समोर गुरुजी, शेटजी, मालक, सगळे ओळीनं मांडलेले. त्यांनी टोपी बरणीवर घातली, ढिली. गंजावर घातली, बसेना. पितळी डब्यावर घातली, फिरवून पाहिली, काढली. मग मान वर करून फळीकडे पाहिलं. उठले, गुंडी उतरवली. टोपी तिच्यावर ठेवली.

बसली. कडेकडेनं, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही.

मग टोपी काढली, माठातलं पाणी गुंडीत ओतलं, गुंडी उचलून तिचं बूड पाहिलं. कोरडं. पाणी परत माठात ओतलं, गुंडी धोतरानं कोरडी केली, टोपी पुन्हा तिच्यावर ठेवली आणि दोन्ही माझ्या चुलीशेजारी ठेवून ओट्यावर निघून गेले.

ही टोपीही लोकरीची, म्हणून पाणी नाही; मी तव्यावर ज्वारीचं पीठ कोमट केलं. तेलाच्या रेघेवर चोळलं, झटकलं, पुन्हा चोळलं, पाच वेळा. मग मऊ ब्रश एकाच दिशेनं, मग किटलीची वाफ, मग गुंडी.

तेवढ्यात गुरुजी अंगणात आले आणि थबकले.

"अण्णा, टोपी?"

"सुनेपाशी हाये," मामाजी म्हणाले. डोक्याला रुमालसुद्धा नव्हता. "वाळून राह्यली. बसा."

गुरुजी बसले. थोड्या वेळानं मामाजींनी आत न पाहता आवाज दिला.

"सूनबाई, घरात नारळ हाये का वं?"

"हाये मामाजी. उद्या स्थळ जमलं की फोडू."