वीजवाल्याची बायको

हिरो मेला तर वाचक रडतात, पण लेखकाला माफ करतात. तो हरला, भिकेला लागला, तरी चालवून घेतात. पण 'आजवर तुम्ही वाचलंत ते घडलंच नव्हतं' असं एकदा का छापलं, की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. माझा मुलगा हल्ली मला हे समजावून सांगतो, जणू कॉमिक हा प्रकार त्याच्याच पिढीने शोधून काढला.

आम्ही खापरखेड्याला वीजकेंद्राच्या कॉलनीत राहत होतो. बाबा तिथेच बॉयलरवर होते. मी बसने नागपूरला कॉलेजात जायची आणि येताना बर्डीवरच्या एका टपरीतून भाड्याने हिंदी कॉमिक आणायची. पिवळट कागद, त्यावर आधीच्या वाचकाच्या भज्यांचं तेल. ताई माझ्याहून थोडीच मोठी. लग्नाच्या वयाच्या दोघी पोरी चित्रांची पुस्तकं वाचत लोळतात, याचा आईला भयंकर वैताग यायचा.

आमचा लाडका हिरो हातातून वीज सोडायचा. तोंडावर मुखवटा, अंगात निळा झगा, आणि दिवसा रेडिओदुरुस्तीचं दुकान. कॉलनीत त्याला सगळे वीजवालाच म्हणायचे. बाबासुद्धा गुपचूप वाचायचे आणि एवढा करंट सोडल्यावर झगा कसा जळत नाही म्हणून कुरकुरायचे. त्याचं एका शाळेतल्या बाईंशी लग्न झालं, तो अंक नेमका ताईच्या हळदीच्या दिवशी घरात होता. हळदीच्या हातांनीच तिने तो वाचला. लग्नाच्या पानावर पिवळा अंगठा उमटला. टपरीवाल्याने अंक परत घ्यायला साफ नकार दिला, म्हणून ताई तो कामठीला सासरी घेऊन गेली.

कामठीला तिने तीन वर्षं संसार केला. मग नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली आणि ताईला खापरखेड्याच्या बसमध्ये बसवून दिलं. पुढे रीतसर फारकत झाली. लग्नात आलेली भांडी आणि तो अंक घेऊन ती घरी आली, आणि आम्ही पुन्हा कॉमिक वाचू लागलो.

आणि तेवढ्यात त्या शहाण्या लेखकांनी दिवे लावले. कोण्या जादूगाराने म्हणे काळ उलटा फिरवला आणि वीजवाल्याचं लग्नच पुसून टाकलं. शेवटच्या पानावर त्याची बायको बाजारात त्याला धडकते आणि 'माफ कीजिए, भाईसाहब' म्हणून पुढे जाते. भाईसाहब! ज्या बाईने त्याच्या जखमा बांधल्या, त्याच्यासाठी रात्री जागून काढल्या, ती! माझा असा संताप झाला की विचारू नका. टपरीवर तर कॉलेजची पोरं, पोस्टातले कारकून, सगळे तणतणत होते. लग्न पुसण्याचं कारण उघड होतं. लग्न झालेल्या हिरोला जेवायला घरी जावं लागतं, बायकोला उत्तर द्यावं लागतं, आणि तसं लिहायला डोकं लागतं. पुसून टाकणं सोपं. पण आम्ही पाच वर्षं जीव लावून वाचलं होतं, त्याचं काय?

ताईने मात्र ते शेवटचं पान दोनदा वाचलं आणि अंक माझ्या पिशवीत टाकला.

त्याच आठवड्यात आत्या गोंदियाकडचं एक स्थळ घेऊन आली. मुलगा नोकरीवर, माणसं चांगली, फक्त त्यांना काही सांगायचं नाही.

"एवढ्या दूर कोणाले काय माहीत होते?" ती म्हणाली. "लग्न झालंच नाही, असं समजायचं."

आईने मान डोलावली, बाबांनी वर्तमानपत्रात डोकं घातलं. भिंतीवरचा लग्नाचा फोटो निघाला. लग्नात मिळालेल्या स्टीलच्या भांड्यांवर आमच्याकडे नवरा-नवरीची नावं आणि तारीख कोरून देतात, म्हणून तीही सगळी पलंगाखालच्या पेटीत गेली. ताईला कोणी विचारलं नाही. मी विचारायला गेले तर आत्याने मला चहा ठेवायला पिटाळलं.

पाहुणे आले. ताई पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, सगळ्यांपुढे ठेवला आणि दाराशी जाऊन उभी राहिली. मुलाचे वडील चवीने खात होते. पोहे संपत आले तसे ते थांबले, चष्मा वर सरकवला आणि प्लेट उजेडाकडे धरली.

"ही प्लेट कोणाची व्हय?" त्यांनी विचारलं.

"माह्यीच," ताई म्हणाली. "माह्या लग्नातली."

माणसं खरंच चांगली होती. त्यांनी चहा संपवला, नमस्कार केला आणि गेली. आत्या मात्र कपाळ बडवत पाहुण्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली. आई तिथेच खाली बसली.

"काहून केलं वं असं?" ती म्हणाली. "सारं जमून राहिलं होतं."

"तीन वर्षं मी तिथं पोळ्या लाटल्या, आई," ताई म्हणाली. "मंग त्या कोणी खाल्ल्या?"

आईने पदर तोंडाला लावला. मलाही रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी चीड आली. ताई रिकाम्या प्लेटा गोळा करू लागली. बाबा आतापर्यंत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते. ते उठले, तिच्या हातातली सगळ्यात वरची प्लेट घेतली आणि कोरलेली नावं अंगठ्याने पुसल्यासारखी चाचपली. मग तीच प्लेट त्यांनी तिच्यापुढे धरली.

"मले वाढ वं पोहे," ते म्हणाले. "याच्यातच वाढ."