वैमानिकाची चूक

हेलनचा फोन आला तेव्हा मी मुलीला शाळेतून आणायला निघाले होते. गाडी सुरू केली होती, सीटबेल्ट लावला होता. "बाबा गेले, वैशाली. सकाळी चहा मागितला, मी तो करून आणला, तोवर..." एवढं बोलून ती थांबली. मला वाटलं, रडत असेल. पण तिने अगदी कोरड्या आवाजात विचारलं, "त्यांच्या ड्रॉवरमध्ये तुझ्या अक्षरातले काही कागद सापडलेत. हे काय आहे?" हा प्रश्न कधीतरी येणार, याची मला चार महिने धास्ती होती. मी म्हणाले, "मी येते. समोर बसून सांगते."

विंग कमांडर जेफ्री थॉर्नबी हे ब्रिटिश हवाई दलातले निवृत्त अधिकारी. बायको गेल्यावर इंग्लंड सोडून ते अमेरिकेतल्या श्रूजबरीला आपल्या मुलीकडे, हेलनकडे, राहायला आले होते. आम्ही पुण्याहून इथे आलो ते २००१ मध्ये. माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, नोकरी होती, पण माझ्या व्हिसावर मला काम करायला परवानगी नव्हती. घरात बसून जीव उबगला, म्हणून गावातल्या सीनिअर सेंटरमध्ये व्हॉलंटिअर म्हणून नाव दिलं. त्यांनी मला थॉर्नबींकडे पाठवलं. त्यांना कडेचं दिसायचं, समोरचं दिसायचं नाही. दर गुरुवारी जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, एवढंच काम. मी विश्रांतवाडीची म्हटल्यावर ते खुर्चीत सरसावून बसले. "म्हणजे लोहगावच्या धावपट्टीपाशी?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या महायुद्धात, एकविसाव्या वर्षी, ते तिथे उतरले होते. तिथून पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले आणि जंगलात अडकलेल्या सैनिकांना विमानातून तांदूळ आणि दारूगोळा टाकत राहिले. तरी त्यांनी मला शेवटपर्यंत 'मिसेस कुलकर्णी' असंच म्हटलं. मीही त्यांना कधी काका म्हणाले नाही. तसे ते नव्हतेच.

युद्धाबद्दल ते मोकळेपणाने बोलत. कोण कुठे पडला, कोण चालत परत आला, कोणाला ताप आला... सगळी नावं तोंडपाठ. बोलणं युद्धानंतरच्या वर्षांवर आलं की मात्र ते पुढची बातमी वाचायला सांगत. ते मला विचित्र वाटायचं. एकदा मी विचारलंच, तर म्हणाले, "युद्धात माणूस गेला की कारण माहीत असायचं. शांततेच्या काळात ते आम्हाला ठरवावं लागायचं." त्या काळात नवी जेट विमानं आली होती आणि दर थोड्या दिवसांनी एखादं कोसळायचं. अशा अपघातांच्या चौकशीचं काम थॉर्नबींकडे होतं. शेतात विखुरलेले तुकडे बघायचे, जबान्या घ्यायच्या, निष्कर्ष लिहायचा.

२००२ चा हिवाळा आला आणि बातम्यांचा सूर बदलला. मी इराकबद्दल वाचायला लागले की ते हाताने थांबवत आणि मागचं वाक्य पुन्हा वाचायला लावत. "हे आता थांबणार नाही," ते म्हणाले. तेव्हा टीव्हीवर अजून वाटाघाटींच्या गोष्टी चालल्या होत्या. हेलनचा मुलगा डॅनिअल अमेरिकन हवाई दलात मालवाहू विमानावर वैमानिक होता. फेब्रुवारीत त्याला निघायचा हुकूम आला. निरोपाच्या जेवणाला हेलनने मलाही बोलावलं होतं. थॉर्नबींनी नातवाला फार काही सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, "विमानाबद्दल शंका आली तर ती कागदावर लिही. आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेव." डॅनिअल हसला. त्याला तो म्हाताऱ्या माणसाचा सल्ला वाटला. मलाही तसंच वाटलं.

पुढच्या गुरुवारी मी गेले तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवायला सांगितलं. टेबलावर कोरे कागद काढून ठेवले होते. "आज तुम्ही वाचायचं नाही, लिहायचं," ते म्हणाले. पत्र रूथ नावाच्या इंग्लंडमधल्या एका बाईंना होतं. जुन्या सोबत्यांकडून त्यांनी तिचा पत्ता मिळवला होता. ते सावकाश सांगत गेले आणि मी लिहीत गेले. पन्नासच्या दशकात एका थंड सकाळी रूथचे वडील, एक तरुण अधिकारी, जेट घेऊन उडाले आणि दोन मिनिटांत विमान नाक खाली करून शेतात घुसलं. एका मेकॅनिकने जबानीत सांगितलं की त्या विमानाचा नियंत्रणाचा दांडा ओढायला जड जातो अशी तक्रार दोन दिवसांपूर्वीच दुसऱ्या वैमानिकाने केली होती. वरिष्ठांनी थॉर्नबींना बोलावून घेतलं. अशा सगळ्या विमानांचं उड्डाण या वेळी थांबवता येणार नाही, असं सांगितलं. आवाज चढवला नाही, धमकीही दिली नाही. थॉर्नबींनी मेकॅनिकची जबानी अहवालातून काढली आणि लिहिलं : वैमानिकाची चूक. दोन महिन्यांनी त्याच प्रकारचं दुसरं विमान तसंच पडलं. दुसरा माणूस गेला. मग गाजावाजा न करता सगळ्या विमानांची दुरुस्ती झाली, पण पहिला निष्कर्ष कोणी बदलला नाही. पुढच्या वर्षी त्यांना बढती मिळाली.

"रूथची आई माझ्याकडे आली होती," ते म्हणाले. "तिने विचारलं, खरंच त्याची चूक होती का? मी म्हणालो, हो." हे वाक्य मी लिहिलं नाही. त्यांना दिसत नव्हतं, तरी पेन थांबल्याचं कळलं असावं. "लिहा, मिसेस कुलकर्णी. तेच लिहायचं आहे."

आताच का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "डॅनिअलला काही झालं तर कोणीतरी माझ्यासारखा माणूस टेबलाशी बसून लिहील. आणि हेलन त्याच्यावर विश्वास ठेवेल." मग हेलनला काही कळू द्यायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. मुलगा लढाईवर गेलेल्या आईला हे ऐकवणार कोण? मी पत्र पक्कं लिहून पोस्टात टाकलं. कच्च्या मसुद्यावरही त्यांनी सही केली होती, वाकडीतिकडी, ओळ सोडून खाली गेलेली.

युद्ध सुरू झालं. दर गुरुवारी मी दारातून आत येताच ते विचारत, "टपाल?" मी बाहेरची टपालपेटी बघूनच आत येत असे. नाही म्हणायची. एप्रिल गेला, मे गेला. ते जेवेनासे झाले. हेलनला वाटायचं, डॅनिअलची काळजी लागलीय. मी गप्प राहायची... आणि जूनमध्ये तो फोन आला.

मी सगळं सांगितल्यावर हेलन माझ्याशी बोलेनाशी झाली. अंत्यविधीच्या वेळी तिने मला मागच्या रांगेत बसलेलं पाहिलं आणि मान वळवली. सहाव्या दिवशी तिने बोलावलं. रूथचं पत्र आलं होतं. "तू वाच," ती म्हणाली. "त्यांना तूच वाचून दाखवत होतीस." थॉर्नबींच्या खोलीत उभं राहून मी ते वाचलं. रूथने लिहिलं होतं की तीन महिन्यांत तिने उत्तराचे कितीतरी कागद फाडले. त्या सकाळी तिच्या आईवडिलांचं भांडण झालं होतं. निष्कर्ष कळल्यापासून आई मरेपर्यंत मानत आली की त्या भांडणामुळेच नवऱ्याचं लक्ष विचलित झालं आणि तो गेला. आईने पुन्हा लग्न केलं नाही, ती कधी कोणाशी मोठ्याने बोललीसुद्धा नाही. 'तुम्हाला माफ करणं मला जमत नाही,' रूथने लिहिलं होतं. 'पण हेच तुम्ही अधिकाऱ्यांसमोर सांगाल का? वडिलांच्या नावापुढची ती नोंद मला पुसायची आहे.'

हेलन पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली, "तिच्या आईचं हे त्यांना कळलं नाही, ते बरं झालं की वाईट?" मी पत्राची घडी घालून ते तिच्या हातात दिलं.

वडिलांचं नाव जाईल हे हेलनला कळत होतं. तरी तो सहीचा मसुदा ब्रिटिश हवाई दलाकडे पाठवायचं तिनेच ठरवलं. त्यासोबत, हे आपण त्यांच्या तोंडून ऐकून लिहिलं, असं माझं प्रतिज्ञापत्र लागणार होतं. मिलिंद घाबरला. "यार वैशाली, आपण व्हिसावर आहोत. दिवस कसले आहेत बघतेस ना? लष्कराच्या कागदावर तुझं नाव कशाला?" त्याचं चूक नव्हतं. तरी नोटरीसमोर मी सही केली. पाकीट पाठवून तीन आठवडे झाले, अजून पोचही आलेली नाही. डॅनिअल अजून तिकडेच आहे. मागच्या ईमेलमध्ये त्याने फक्त धूळ फार आहे एवढंच लिहिलं.

थॉर्नबींची एक सवय सांगायची राहिली. घरावरून विमान गेलं की ते बोलता बोलता थांबत. आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकत राहत आणि मग म्हणत, "ठीक आहे." मगच अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करत. काल हेलनकडे स्वयंपाकघरात आम्ही दोघी उभ्या होतो, ती डॅनिअलला पाठवायचं खोकं भरत होती. वरून एक जड विमान गेलं. हेलनचा हात चिकटपट्टीवर तसाच थांबला, मीही ऐकत राहिले. आवाज दूर गेला, बारीक झाला, संपला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. 'ठीक आहे' म्हणायला दोघींपैकी कोणाचीच जीभ रेटेना.