पहिल्या खेपेचं रिव्हॉल्व्हर

नीलांबरी टिळेकर मूळची नाशिकची. जुन्या धातूच्या वस्तू जपण्याचं शिक्षण घेऊन ती दोह्याजवळच्या समैस्माला अबू सालेम यांच्या खाजगी संग्रहात कामाला लागली. सत्तरी ओलांडलेले अबू सालेम तरुणपणी व्यापारासाठी मुंबईत राहिलेले. तिच्याशी हिंदीतच बोलत, बेटी म्हणत.

त्यांचा जीव एका रिव्हॉल्व्हरवर होता. कारखान्याने पहिल्या काही नगांची नळी स्क्रूने बसवली होती. स्क्रू ढिला व्हायचा, म्हणून पुढे तिथे खटका आला. नेमके ते फसलेले पहिले नग आज दुर्मिळ, म्हणून संग्राहकांना त्यांचंच वेड.

दोह्यातल्या प्रदर्शनासाठी ते साफ करताना नीलांबरीला भिंगाखाली स्क्रूशेजारी एक रेघ दिसली. तिने एक्स-रे काढला. खटक्याची खाच धातूने भरून तिथे स्क्रूसाठी भोक पाडलेलं होतं. कोणीतरी नंतरच्या नगाला पहिल्या खेपेचं बनवलं होतं.

घरी तिने नवऱ्याला, अभिजितला सांगितलं. तो म्हणाला, "तुझा व्हिसा त्यांच्याकडून आहे. आपल्या अंतराची दहावी तरी होऊ दे."

चार दिवस तिला जेवण गेलं नाही. शेवटी तिने एक्स-रे त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला. "नुसत्या डोळ्यांना दिसतं?"

"नाही."

"मग लोकांना कशाला सांगायचं, बेटी?"

"तुम्ही सांगू नका. पण पहिल्या खेपेचं म्हणून प्रदर्शनाच्या कागदांवर मी सही करणार नाही."

"खलास," ते म्हणाले आणि कार्यशाळेच्या किल्ल्यांसाठी हात पुढे केला. तिने किल्ल्या दिल्या.

प्रदर्शनात रिव्हॉल्व्हर मांडलं गेलं. पाटीवर पहिल्या खेपेचा उल्लेख नव्हता, खोटेपणाचाही नव्हता. अबू सालेम काचेजवळ उभे होते. दरवेळी पाहुण्यांना हौसेने गोष्टी सांगणारा माणूस त्या दिवशी कोणाशी बोलला नाही. नीलांबरीने सलाम केला. त्यांनी मान हलवली, पण बेटी म्हटलं नाही.

किल्ल्या परत मिळाल्या नाहीत. नोकरी गेल्यावर ती अभिजितच्या व्हिसावर राहू लागली, आता नवीन काम शोधते आहे. "खरं बोललीस, मग एवढी का कुढतेस?" अभिजितने विचारलं.

"त्यांच्याकडे आनंदाची तेवढीच एक वस्तू होती रे," ती म्हणाली.