उताराचा मुकादम

नागपुरात आमच्या महालातल्या गल्लीत नरखेडच्या एस.टी.वर चालणारा एक कंडक्टर राहतो. महिन्याभरापूर्वी ड्यूटीवरून येताना तो दारात थांबला आणि म्हणाला, "साहेब, खिंडीतले मुकादम गेले. मंगळवारी." मी हातातला पेपर घडी करून ठेवला, पुन्हा उघडला. काय वाचत होतो देव जाणे. तुळशीराम मेश्राम गेले... आणि त्यांच्याशी बोलायची एक गोष्ट मी जवळपास वीस वर्षं आज-उद्या करत आलो होतो, ती आता कायमची राहिली.

आमची गाठ पडली ती साठच्या दशकाच्या शेवटी. टेकडी कापून नरखेडकडे रस्ता काढला होता. वर मुरूम आणि काळ्या मातीचा कापलेला उतार, त्याच्या पायथ्याशी दगडी भिंत, मग रस्ता आणि रस्त्यापलीकडे दहा-बारा घरांची वस्ती. तुळशीरामांचं घर त्याच वस्तीत. मी नवा ओव्हरसियर, डोक्यावर हॅट, आणि बापाच्या वयाच्या मुकादमाला खुशाल "अरे तुळशीराम" म्हणायचो. ऑफिसात सगळेच म्हणत. त्यांनी "जयभीम, साहेब" म्हटलं की मी नुसती मान हलवायचो. आज लिहिताना लाज वाटते.

उतार राखायचं काम त्यांच्याकडे होतं. पाऊस उघडला की चपला काढून ते उतारावर आडवे चालत जात. माती कुठं दबते, कुठं भेग पडली, हे त्यांच्या तळव्यांना कळे. भेग बुजवून वर हरळी लावायची, ओढ्याकाठचे वाळ्याचे ठोंब आणून उताराला आडव्या ओळीत बसवायचे, पाणी बाजूला काढायला वर चर खणायचा, असा त्यांचा क्रम. मला शोभेला गुलमोहर हवे होते. ते म्हणाले, झाडाचं वजन बी उतारालेच वागवा लागते, साहेब. हरळीवर बकऱ्या चढू नयेत म्हणून त्यांनी पहारा बसवला, आणि पहिली पकडली गेली ती त्यांच्याच घरची. त्यांच्या बायकोनं, मैनाबाईंनी, त्यांना दोन दिवस भाकर वाढली, पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत. हे त्यांनीच मला हसत सांगितलं होतं. भिंतीत मागचं पाणी निघायला ठिकठिकाणी भोकं सोडली होती. पावसाळ्याआधी सळई घालून ती भोकं साफ करायचं काम मात्र ते कोणाला देत नसत.

दसऱ्याला ते दरवर्षी नागपूरला, दीक्षाभूमीवर जात. त्या वर्षी ते तिकडे असतानाच निरोप आला की रस्त्याच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार. भिंत बघितली तर प्रत्येक भोकाखाली मातीचे लाल ओघळ आणि शेवाळ. मी काय केलं? सगळी भोकं सिमेंटनं बुजवून घेतली, वरून चुना मारला आणि खाली गेरूचा पट्टा ओढला. भिंत अशी झकास दिसू लागली की मी दोनदा सायकलवरून उतरून बघितली!

तुळशीराम परत आले. एका बुजवलेल्या भोकावर बोट टेकवून म्हणाले, "आता पाणी कुठून जाईन, साहेब?" पाहुणे जाऊ दे, मग उघडू, असं मी सांगितलं. पाहुणे आले, भिंतीचं कौतुक करून गेले. वरचे साहेबही खूश झाले, आणि त्या भिंतीला आता सळई लावायची माझी छाती होईना. तुळशीरामांनी चार-पाचदा आठवण केली. शेवटी मी खेकसलो, इथला साहेब तू आहेस का मी? त्यानंतर त्यांनी आठवण करणं सोडलं.

पुढच्या पावसाळ्यात झड लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या खोपटात आले आणि भिंतीचं पोट सुटल्याचं सांगितलं. मी म्हणालो, नागपूरला कळवू, परवानगी येऊ दे. ते वाद घालत बसले नाहीत. आधी त्यांनी वस्तीतली सगळी घरं रिकामी केली, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना धरून गावातल्या शाळेत नेऊन बसवलं. मग एकटेच सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन भिंतीशी गेले. दोन भोकं उघडली, गढूळ पाण्याच्या धारा लागल्या. तिसऱ्या भोकाशी भिंत करकरली तसे ते बाजूला झाले आणि भिंतीचं ते टोक कोसळलं. चिखल रस्ता ओलांडून दोन घरांच्या अंगणात शिरला. माणूस मात्र एकही दगावला नाही.

चौकशी झाली. मुकादमानं परवानगीशिवाय सब्बल मारल्यामुळे भिंत ढासळली, असं कागदावर लिहिलं गेलं. भोकांचं कोणी विचारलंच नाही. मी तिथंच बसलो होतो. तुळशीरामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मी वर पंख्याकडे बघितलं, आणि मग सही केली. त्यांचं काम गेलं. पुढं ते लोकांच्या संत्र्यांच्या बागेत बांध घालत हिंडले. गावात त्यांना भिंतपाड्या नाव पडलं. मला बढती मिळाली.

दहा-बारा वर्षांनी त्याच भागात डेप्युटी इंजिनिअर होऊन आलो. उतार पुन्हा सरकत होता, नवी भिंत घालायची होती. मी त्यांच्या घरी गेलो आणि पहिल्यांदा "तुळशीरामभाऊ" म्हणालो. ते आले. सगळा उतार त्यांनी पुन्हा हरळी-वाळ्यानं बांधला. एकदा मी "त्या वेळी मी..." असं सुरू केलं, तर म्हणाले, वाळ्याले पाणी टाका लागते, साहेब, थे पाहा आधी. यालाच मी माफी समजलो. सोयीचं होतं ना!

बातमी कळल्यावर मी भेटायला गेलो. मैनाबाईंनी चहा दिला. पेपरात भाऊंवर लिहायचं म्हणतो, असं त्यांना सांगितलं.

"चांगले होते म्हणून नका लिहू," त्या म्हणाल्या. "थे मले मालूम हाय. भिंत कोनं पाडली थे लिहा. नात शाळेतून ‘भिंतपाड्याची नात’ आयकून येते."

त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं का, असं मी विचारलं.

"थे कायले सांगतीन? तुम्ही आमा बायायले दसऱ्याची सुट्टी कुठं देली होती? भोकं बुजवाचं सिमेटाचं घमेलं माह्याच डोक्यावर होतं. मले कोनी इचारलंच नाही."

मैनाबाईंच्या नातीनं हे शाळेत दाखवावं म्हणून स्पष्ट लिहितो. तुळशीराम मेश्राम यांनी भिंत पाडली नाही. त्यांनी वस्ती वाचवली. भिंतीची भोकं मी बुजवून घेतली होती, आणि खोट्या कागदावर सही केली ती मी.