दुसऱ्या बातमीचा डबा

तर त्या गोलरक्षकाची आई पेपर काखेत मारून थेट पेपरच्या कचेरीत आली, इथपर्यंत काल गाडी आली होती. पण मुळात घोळ काय झाला होता ते सांगायला हवं, नाहीतर बाई उगाच आल्यासारखी वाटेल.

सामना संपत आला की क्रीडा बातमीदाराच्या पुढ्यात दोन बातम्या तयार असतात. एक जिंकल्याची, एक हरल्याची. छपाईची वेळ कुणाच्या बापासाठी थांबत नाही, म्हणून ही सोय. शेवटची शिट्टी वाजली की खरी ठरलेली पाठवायची, दुसरी फाडून टाकायची. आमच्या पठ्ठ्याला तेव्हा नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एका गोलानं मागे पडलेला गावचा संघ आता काय उठतोय, म्हणत त्यानं आठ मिनिटं आधीच पराभवाची बातमी फोनवर सांगून टाकली आणि गर्दी व्हायच्या आत चहा प्यायला गेला. चहात साखर ढवळेपर्यंत त्या संघानं दोन गोल ठोकले. गावभर करंडकाची मिरवणूक आणि पेपरात पराभव!

बाईनं आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं. तिनं पेपर टेबलावर पसरला, ‘गोलरक्षकाच्या ढिलाईने घात केला’ या ओळीवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “बाबा, तू तिथं होतास का?”

हो म्हणावं तर खोटारडा, नाही म्हणावं तर कामचुकार. अख्खी कचेरीच मान खाली घालून उभी राहिली.

त्या दिवसापासून शेवटची शिट्टी ऐकल्याशिवाय त्यानं एक ओळ पाठवली नाही. संपादक फोनवर कडाडायचे, छपाईवाले शिव्या घालायचे, हा आपला कान मैदानाकडे लावून बसलेला. म्हणून नाव पडलं शिट्टीमास्तर. आणि ती दुसरी, न झालेली बातमी? ती फाडायचं मास्तरांनी सोडून दिलं. बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवायला लागले. सव्वीस वर्षांत डबा असा भरला, की झाकण बसवायला गुडघा लावावा लागे. त्या डब्यात न मिळालेले करंडक होते, न झालेले पराभव होते. मास्तर कधीमधी त्यातलं एखादं काढून वाचत. खोटी बातमी खरीपेक्षा नेहमी जास्त सुबक उतरते, हे ज्ञान त्यांना कुठल्या शाळेत नाही, त्या डब्यात मिळालं.

पुढे पेपर बंद पडला, त्याच नावाची वेबसाइट आली. मास्तर दोन बोटांनी टाइप करायला शिकले. बोटं दोनच, पण पळायची अशी की सायकलला इंजिन बसवलंय जणू. हाताखाली एक चुणचुणीत पोरगा आला, त्यालाही तयार केला. आधी गवत कापणाऱ्याशी बोल, मग संघाच्या डॉक्टरशी, कर्णधाराशी सगळ्यात शेवटी, कारण त्याला सगळ्यात कमी माहीत असतं. चेल्यानं धडा इतका मनावर घेतला, की वरच्यांशी कधी बोलायचं हेही शिकला आणि संपादक झाला. मास्तरांनीच त्याला खुर्चीपर्यंत नेऊन बसवलं. आनंदानं.

मग तो दिवस. सकाळी मालकांचं पत्र आलं, यंदाइतका नफा कंपनीनं कधी पाहिला नाही. सोबत वर चढत गेलेला आलेख. कचेरीत केक कापला. दुपारी दोनला क्रीडा विभागातल्या जुन्या लोकांना लॅपटॉपवर बैठकीला बोलावलं. मास्तर धरून मोजून अकरा जण. कुणीतरी म्हणालंसुद्धा, संघ पूर्ण झाला, आता नाणेफेक करा. पडद्यावर मालकांच्या कचेरीतल्या एक बाई आल्या आणि बोलू लागल्या. पहिली तीन मिनिटं त्यांचा आवाजच बंद होता. अकराही जण ओठांच्या हालचालीवरून आपलं भविष्य वाचत बसले. आवाज आला तेव्हा सांगायचं एवढंच उरलं होतं, की ओळखपत्रं खाली जमा करा.

केकचा मास्तरांच्या वाट्याचा तुकडा तसाच टेबलावर राहिला.

दुसऱ्या दिवशी चेल्याचा मेल आला. वाचक विचारायला लागले होते, शिट्टीमास्तर कुठं गेले? म्हणून मास्तरांच्या नावानं चार ओळींचा निरोप त्यानं स्वतःच लिहून पाठवला होता. ‘तरुणांना मैदान मोकळं करून द्यावं, म्हणून मी स्वखुशीने थांबतो आहे.’ खाली अट, गोड भाषेत. सहा वाजता वेबसाइट नव्या रूपात सुरू होतेय. होकार आला तर मास्तरांच्या सव्वीस वर्षांच्या लेखांवर त्यांचं नाव राहील, वेगळं पानही मिळेल. नाही आला तर जुन्या सगळ्या लेखांवर नुसतं ‘क्रीडा विभाग’ पडेल.

मास्तरांची बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. माणसाला पाहण्याआधी त्याची बाटली पाहायची सवय, त्यामुळे बोलणं रोखठोक. तिनं मेल दोनदा वाचला. म्हणाली, “हो म्हणून टाका. त्यांनी घर घेतलं, दार घेतलं, आता पाटी तरी राहू द्या. नाव पुसलं तर उद्या कुणाला पटेल, हे सगळं तुम्ही लिहिलं म्हणून?”

हे मात्र वर्मी लागलं. मास्तरांकडे दुसरं काही नव्हतंच. बंगला नाही, पदक नाही, लेखाखालचं नाव तेवढं होतं. त्यांनी तो मेल छापून काढला आणि पुन्हा वाचला. एक शब्द इकडचा तिकडे करायची सोय नव्हती, इतका सुबक. त्यांनी पलंगाखालून डबा ओढला, कागदाची घडी केली, सगळ्यात वर ठेवली.

बायको दारातून बघत होती. जवळ आली आणि झाकणावर स्वतःच गुडघा दाबला.

सहाला पाच कमी असताना फोन वाजला. चेल्याचा आवाज घाईचा होता. “मास्तर, वरून सारखं विचारतायत. तुम्ही नुसतं हो म्हणा, बाकी मी बघतो. माझ्यासाठी तरी.”

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “छान लिहिलंयस रे, कुठं अडखळायला होत नाही. पण ही दुसरी बातमी आहे, न झालेली. ती मी एकदाच पाठवली होती, पुन्हा नाही. झालेली हवी असेल तर घे लिहून: नफा झाला त्याच दिवशी अकरा जणांना काढलं, आणि मी तिथं होतो. खाली नाव ‘क्रीडा विभाग’ टाकलंस तरी चालेल.”